हयातीचा दाखला, मोबाइलचा कॅमेरा आणि प्रकाश

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि अनेक प्रांतांतून आलेली कुटुंबे या परिसरात स्थिरावली. कुरुदसारख्या वस्तीत निवृत्तिवेतनावर चालणारे घर ही आज नवलाची बाब नाही. अशा घरातून दरवर्षी हयातीचा दाखला सादर व्हावा लागतो. तो चुकल्यास निवृत्तिवेतन थांबते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली. नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही दाखला देता येऊ लागला. बोटांचे ठसे झिजलेल्या ज्येष्ठांना ही मोठीच सवलत ठरली. मात्र येथे ठशाची जागा चेहऱ्याने घेतली आणि चेहरा टिपणे सर्वस्वी प्रकाशाच्या अधीन असते.

मेगापिक्सेल म्हणजे सर्वस्व नव्हे

या कामासाठी पाच मेगापिक्सेलचा कॅमेराही पुरेसा मानला जातो. भरदुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, तर संध्याकाळी घरातील खोलीत तो बहुधा शंभर-दोनशे लक्सच भरतो. दुपारी साधा व महाग मोबाइल यांच्या छायाचित्रांत फारसा फरक जाणवत नाही. खरी परीक्षा मंद उजेडात होते. तेथे भिंगाचे छिद्र आणि संवेदकाचा आकार निर्णायक ठरतो. एफ १.८ छिद्राचे भिंग एफ २.४ च्या तुलनेत सुमारे पावणेदोन पट प्रकाश आत घेते. समोरच्या कॅमेऱ्याचा संवेदक सहसा मागच्यापेक्षा लहान असतो. त्यामुळे एकाच मोबाइलचे दोन कॅमेरेही सारखे नसतात.

प्रकाश अपुरा पडला की कॅमेरा अधिक वेळ उघडा राहतो व संकेत वाढवून घेतो. परिणामी हात किंचित हलला तरी चेहरा पुसट होतो आणि चित्रावर रवा दिसू लागतो. चेहऱ्यामागे उजळ खिडकी असल्यास कॅमेरा खिडकीशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो.

घरच्या घरी तुलना

व्यक्ती, जागा आणि अंतर तेच ठेवून केवळ मोबाइल बदलावा. दुपारची सावली, रात्रीची ट्यूबलाइट आणि पाठीमागे खिडकी अशा तीन स्थितींत छायाचित्रे घ्यावीत. डोळ्यांच्या कडा, कपाळावरील सुरकुत्या व त्वचेचा रंग ज्यात स्पष्ट राहतो, तो मोबाइल या कामास योग्य समजावा. छायाचित्र सुंदर करणारी सोय बंदच ठेवावी. ती सुरकुत्या पुसते आणि तुलना फसवी ठरवते.

मोबाइल एकच असेल तरी जागा बदलता येते. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून उत्तरेकडील दार वा खिडकीतून थेट ऊन न येता सम प्रकाश मिळतो. त्या प्रकाशाकडे तोंड करून बसावे, मागे साधी भिंत असावी, चष्मा काढावा, भिंग मऊ कापडाने पुसावे आणि सूचना मिळताच डोळ्यांची उघडझाप करावी.

दाखला नोंदवून देण्याच्या निमित्ताने कोणी दूरध्वनीवरून ओटीपी मागितल्यास अथवा अनोळखी अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगितल्यास नकार द्यावा. शंका असल्यास आपल्या शाखेत विचारणा करावी. चेहरा जुळला नाही तरी दाखल्याचे इतर मार्ग खुले असतात. शाखेत प्रत्यक्ष येऊन दाखला देणे हा त्यांपैकीच एक होय.