तेल पिणारी मोटार

मोटारीला पेट्रोल लागते हे घरातील पोरासोरांनाही ठाऊक असते; परंतु एंजिनाच्या पोटातले तेलही चालता चालता कमी होत असते, ही गोष्ट मात्र कित्येक कुटुंबप्रमुखांच्या ध्यानी तांबडा दिवा लागेपर्यंत येत नाही. हल्ली बेळगाव-खानापूरकडील खेड्यांत काय किंवा सत्तरी-डिचोलीच्या वाड्यांत काय, दारापुढे मोटार उभी असणे ही नवलाई राहिलेली नाही. त्यांतील पुष्कळ गाड्या दुसऱ्या हाताच्या असतात, आणि त्यांचे एंजिन एकदा उघडावे लागले की घरातील वर्षा-दोन वर्षांची शिल्लक मेस्त्रीच्या हवाली करावी लागते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आधी त्या तांबड्या दिव्याविषयीच. तेलाच्या बुधल्याचे चित्र असलेला हा दिवा तेल किती उरले आहे हे दाखवितो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती खरी नव्हे. तो दिवा तेलाचा दाब दाखवितो. लहान मोटारीच्या चेंबरमध्ये सुमारे ३ लिटर तेल मावते. त्यातले बरेचसे नाहीसे होऊन पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येऊ लागली म्हणजे दाब पडतो व दिवा पेटतो. तोवर बेअरिंगे कोरडी घासू लागलेली असतात. अशा वेळी ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असे म्हणणे म्हणजे नवे एंजिन विकत घेण्याची तयारी करणे होय. दिवा लागताच गाडी कडेला घेऊन एंजिन बंद करावे, आणि तेल घातल्याशिवाय चालू करू नये.

आता, थोडे तेल खपणे हा दोष नव्हे. पिस्टनाला बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन स्फोटाचा दाब कोंडून धरतात. खालची तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल खरवडून परत खाली पाठविते. परंतु भिंतीवर तेलाचा पातळ थर राहिलाच पाहिजे, नाही तर धातूला धातू घासेल. आणि त्या थरातला काही अंश दर स्फोटासरशी जळतो. शिवाय उष्णतेने तेलाची वाफही होते. तेलाचा कस पाहताना ते २५० अंश सेल्सिअस उष्णतेवर एक तास ठेवून किती उडून जाते हे मोजतात. मोटारीच्या पुष्कळशा प्रचलित तेलांना शेकडा १५ पर्यंतची घट माफ असते. तेव्हा दोन सर्व्हिसिंगांच्या मधल्या काळात पाव-अर्धा लिटर तेल वरून घालावे लागले, तर काळजीचे कारण नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिका १००० किलोमीटरला अर्धा लिटर, तर काहींच्या पूर्ण एक लिटरपर्यंत खप चालेल असे सांगतात. हा दुसरा आकडा कंपनीच्या सोयीचा आहे, गिऱ्हाइकाच्या नव्हे, असे आमचे मत आहे. कुटुंबाच्या मोटारीस हजार किलोमीटरला अर्ध्या लिटराहून अधिक लागू लागले की कारण शोधण्यास आरंभ करावा.

परंतु ‘आमची गाडी तेल खाते’ असे म्हणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ते मोजलेले असते. मोजण्याची रीत अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करावी. एंजिन गरम असता बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले तेल चेंबरमध्ये उतरते. तेलाची पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी व मग पाहावी. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून किलोमीटरचा आकडा वहीत टिपावा, आणि हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्याच जागी, त्याच रीतीने, मापाच्या बाटलीने किती घालावे लागते ते लिहून ठेवावे. वरच्या खुणेच्या पुढे मात्र थेंबभरही जाऊ नये. ‘असू दे थोडे जास्त’ ही गृहिणीची उदारता स्वयंपाकघरात शोभते. एंजिनात तिचा उलटा परिणाम होतो. जादा तेल फिरत्या क्रँकला लागून घुसळले जाते, त्याचा फेस होतो, तो ब्रीदरच्या वाटे हवेबरोबर ओढला जाऊन जळतो, आणि तेल जास्त घातल्यामुळेच तेल जास्त खपू लागते.

येथे एक चकवा सांगितला पाहिजे. जी गाडी रोज बाजारापर्यंत दीड-दोन किलोमीटर जाते आणि रविवारी चर्चला, तिचे एंजिन पुरते तापतच नाही. अशा वेळी न जळलेले पेट्रोल व पाण्याचा अंश तेलात मिसळत राहतो आणि पट्टीवर पातळी जशीच्या तशी दिसते. मालक म्हणतो, गाडी तेलाचा थेंब पीत नाही. मग मे महिन्यात सारे कुटुंब दूरच्या प्रवासास निघते. एंजिन दिवसभर तापते, मिसळलेले पेट्रोल-पाणी उडून जाते, आणि तीनशे किलोमीटरांवर पट्टी पाहावी तर खालच्या खुणेशी! तेल प्रवासात गेलेले नसते. ते आधीच गेलेले असते, फक्त हिशेब उशिरा कळतो. यास्तव लांबच्या प्रवासात पहिल्या दिवशी संध्याकाळी पट्टी अवश्य पाहावी. तसेच केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचे तेल पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा लवकर बदलावे. पुष्कळ पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत असते. अशा गाडीस आम्ही सहा महिने म्हणू.

तेल नाहीसे होण्याच्या वाटा दोनच: एक तर ते गळते, नाही तर जळते. गळती पाहण्यासाठी रात्री एंजिनाखाली पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र पसरावे. (हे साप्ताहिक पसरल्यास आमची हरकत नाही, मात्र आधी वाचलेले असावे.) सकाळी डाग दिसला तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग, चेंबरचा नट, फिल्टरची रबरी कडी आणि क्रँकचे ऑइल सील या जागा क्रमाने तपासाव्यात. पॅकिंग बदलणे हे थोड्या खर्चाचे काम आहे.

जळण्याचा शोध अधिक मनोरंजक आहे, आणि आपल्या भागातले घाट त्या कामी मेस्त्रीपेक्षाही उपयोगी पडतात. निळसर धूर हा तेलाचा. दाट पांढरा व न विरणारा धूर कुलंटच्या पाण्याचा. काळा धूर जादा पेट्रोलचा. पण धूर कोणत्या वेळी निघतो हे पाहणे अधिक महत्त्वाचे. कणकुंबीहून चोर्ल्याचा घाट उतरताना पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो. हवेचा दरवाजा मिटलेला, पिस्टन मात्र हवा ओढण्यासाठी धडपडतात. त्यामुळे आत मोठी पोकळी निर्माण होते. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सिले कडक झाली असतील किंवा गाइड झिजले असतील, तर त्या पोकळीने वरचे तेल आत शोषले जाते. खाली केरीकडे उतरल्यावर चालक पुन्हा ॲक्सिलरेटर दाबतो आणि मागे निळा ढग उठतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळी सुरू होताना एकच निळा भपका सोडून मग स्वच्छ चालणे, ही देखील याच दोषाची खूण. उलट, घाट चढताना, एंजिनावर भार असता सतत निळा धूर निघत असेल, तर संशय रिंगांवर घ्यावा. पहिला दोष बहुधा एंजिन खाली न उतरविता दुरुस्त होतो. दुसऱ्यात ‘हाफ एंजिन’ करावे लागते. दोहोंच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून मेस्त्रीकडे जाण्यापूर्वी आपण स्वतः हे पाहिलेले असावे. नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गावर धूर शुद्ध करणारे यंत्र असते. ते बराच निळा धूर गिळून टाकते. तेव्हा धूर नाही म्हणजे तेल जळत नाही, असेही समजू नये. वहीतला आकडा खरा.

मेस्त्रीने लगेच ‘एंजिन बांधावे लागेल’ म्हटले तर दोन गोष्टी करून घेण्याचा आग्रह धरावा. पहिली, चेंबरमधील वाफ पुन्हा एंजिनात नेऊन जाळणारा लहानसा व्हॉल्व्ह तपासणे. पूर्वी ही वाफ उघड्यावर सोडून देत. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हवा दूषित होऊ नये म्हणून हा व्हॉल्व्ह प्रथम सरसकट बसविण्यात आला. तो काजळीने उघडा अडकला की वाफेबरोबर तेलही ओढले जाते. मिटलेला अडकला की आत दाब वाढून सिलांतून तेल बाहेर येते. मोठ्या दुरुस्तीपुढे त्याची किंमत नगण्य असते. दुसरी गोष्ट, दाबाची चाचणी. प्रत्येक सिलिंडरचा दाब कोरडा मोजावा. मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब एकदम वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेले. न वाढला तर दोष व्हॉल्व्हकडे.

रिंगा नेहमी झिजूनच बिघडतात असे नाही. मायलेज वाढावे म्हणून हल्लीच्या पिस्टनांच्या रिंगा नाजूक व कमी ताणाच्या करतात. तेल बदलण्यास उशीर झाला की तिसऱ्या रिंगेच्या खोबणीत काजळी बसते, तेल परत जाण्याची छिद्रे बुजतात आणि रिंग जागच्या जागी चिकटते. कधी रचनेतच उणीव असते. टोयोटा कंपनीने आपल्या २.४ लिटरच्या एका एंजिनाबाबत २०११ साली अमेरिकेतील विक्रेत्यांना सूचना पाठविली: १२०० मैलांत, म्हणजे सुमारे १९३० किलोमीटरांत, एक क्वार्ट अर्थात जवळजवळ एक लिटर तेल खपले तर पिस्टन व रिंगा नव्या नमुन्याच्या बसवाव्यात. ज्यांनी खप मोजून नोंदविला त्यांचेच म्हणणे अशा वेळी टिकते, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

तेलाची जात पुस्तिकेत लिहिली असेल तीच वापरावी. ५-डब्ल्यू-३० सांगितले असता ‘आपल्याकडे उष्मा फार’ म्हणून २०-डब्ल्यू-५० घालणारे मेस्त्री अजून आहेत. जुन्या, झिजलेल्या एंजिनात थोडे दाट तेल खप कमी करते हे खरे. पण नव्या एंजिनाच्या अरुंद वाटांतून ते थंडपणी लवकर पोचत नाही. आमच्या तांबड्या जांभ्या मुलखात हवेच्या फिल्टरकडे तर विशेष लक्ष हवे. फाटक्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरातून जाणारी धूळ बोअरला कानशीप्रमाणे घासते. पाणी कमी पडून एंजिन एकदा जरी उकळले तरी रिंगांचा ताण जातो. पुष्कळ गाड्यांचे तेल पिणे अशा एखाद्या दिवसापासूनच सुरू झालेले असते.

खप हजारी अर्ध्या लिटराच्या आसपास स्थिर राहत असेल, तर जुन्या गाडीचे एंजिन उघडण्याची घाई करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगू. डिकीत त्याच जातीच्या तेलाची सीलबंद बाटली ठेवून दर पंधरवड्यास पट्टी पाहणे हेच स्वस्त पडते. खप महिन्यामहिन्याने वाढत जाऊ लागला, प्लग तेलाने ओले होऊ लागले, तर मात्र हिशेब बदलतो.

दुसऱ्या हाताची गाडी घेणाऱ्यांसाठी एवढेच: विकणारे लोक धूर दडविण्यासाठी अतिदाट तेल किंवा बाटलीतले औषध घालतात, आणि ते गरम एंजिनात सहज खपून जाते. म्हणून गाडी सकाळी, रात्रभर थंड राहिलेली असताना पाहावी. स्वतः सुरू करावी, पाच मिनिटे तशीच चालू ठेवून मग एकदम ॲक्सिलरेटर दाबावा व दुसऱ्यास सायलेन्सरकडे पाहण्यास सांगावे. एंजिन बंद व थंड झाल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवावे. काजळी कोरडी असावी, तेलकट नव्हे. आपण पोचण्यापूर्वीच बॉनेट गरम लागले, तर भाव न विचारता दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा येतो म्हणून सांगावे.