सिस्टरचे दुःख कोण ऐकणार?

रुग्ण दगावला की नातेवाइकांना निदान रडता येते. रात्रभर त्याच्यासाठी राबलेल्या परिचारिकेला मात्र लगेच शेजारच्या खाटेकडे वळावे लागते. अमेरिका आणि ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत अशा वेळी तिची विचारपूस करायला चॅप्लेन येतो. रुग्णालयाने नेमलेला हा धर्मसेवक मुळात रुग्णांसाठी असतो. मरणाच्या दारातल्या माणसापाशी बसणे, कुटुंबाला धीर देणे हे त्याचे रोजचे काम. कर्मचाऱ्यांचे मन सांभाळण्याचे त्याचे काम मला तितकेच मोलाचे वाटते. ते त्याला साधते, याचे कारण त्याच्या धर्मापेक्षा रुग्णालयातील त्याच्या स्थानात अधिक आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. अल्बर्ट वू यांनी 2000 साली लिहिले की, उपचारांत चूक घडली तर पहिला बळी रुग्ण असतो आणि दुसरा बळी ती चूक हातून घडलेला डॉक्टर. हा डॉक्टर, किंवा अशीच एखादी परिचारिका, मन मोकळे करणार कुणापाशी? वरिष्ठांपुढे बोलले तर चौकशीची भीती. समुपदेशकाकडे जायचे तर वेळ ठरवा, वर ‘ही खचली’ असा शिक्का बसण्याची धास्ती. चॅप्लेन कुणाची ड्युटी लावत नाही, बढतीचा अहवाल लिहीत नाही, आणि वॉर्डातले प्रसंग त्याने स्वतः पाहिलेले असतात. म्हणूनच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 2011 साली ‘राइज’ हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्यांबरोबर चॅप्लेनही त्यात होते. हाक आली की ते भेटतात, चूक कुणाची हे खणत बसत नाहीत, आणि बोलणे बाहेर जात नाही. या मदतीमुळे परिचारिकांचे नोकरी सोडणे आणि रजा टळून मदत घेणाऱ्या दर परिचारिकेमागे सुमारे 22,500 डॉलर वाचतात, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे.

अर्थात, असा प्रत्येक उपक्रम मोजमापाला उतरतोच असे नाही. अमेरिकेत ‘कोड लॅव्हेंडर’ नावाची पद्धत आहे. वॉर्डावर मोठा आघात झाला की हा इशारा दिला जातो आणि चॅप्लेनसह एक पथक कर्मचाऱ्यांच्या मदतीला धावते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीमुळे कामाच्या थकव्याचे गुण बदलले नाहीत. ‘आपली कुणी काळजी घेते’ ही भावना मात्र वाढली. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. अपुरे मनुष्यबळ आणि लांबलचक ड्युट्या यांवर सांत्वन हा उपाय नव्हेच. पण मनुष्यबळ वाढेपर्यंत आज रात्रीचे दुःख थांबून राहत नाही.

चॅप्लेन धर्मप्रसार करील, ही शंका अधिक गंभीर आहे. तिचे उत्तर प्रशिक्षणात मिळते. अमेरिकेत प्रमाणित चॅप्लेन होण्यासाठी 1,600 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते, आणि आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादणे व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, मुस्लिम आणि हिंदू चॅप्लेन आहेत. 2018 मध्ये बकिंगहॅमशायरमध्ये एका मानवतावादी, म्हणजे कोणताही धर्म न मानणाऱ्या व्यक्तीकडे चॅप्लेन पथकाचे नेतृत्व आले. एनएचएसच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांतही चॅप्लेनच्या सेवेच्या कक्षेत रुग्णांबरोबर कर्मचारी होते, मग ते धर्म मानणारे असोत वा नसोत. तेव्हा व्यवस्थापनाला हे काम खरोखर हवे असेल, तर ते चॅप्लेनच्या ठरलेल्या कामाच्या तासांत बसवावे आणि त्यासाठी जादा माणसे नेमावीत. रुग्णांचे सारे करून उरलेल्या वेळात सहकाऱ्यांना सावरण्याची अपेक्षा ठेवली, तर थकणाऱ्यांत आणखी एकाची भर पडेल.