संमोहन : शक्ती कोणाची?

पणजीस मांडवीच्या तीरावर, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक धर्मगुरू हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन पडली आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली उभारण्यात आला. तो पाहणाऱ्याच्या मनात सहजच येते की, केवढी ही हातातली शक्ती! परंतु ज्याचा हा पुतळा, त्या आबे फारियाने नेमके याच्या उलट सांगितले होते. निद्रा आणण्याचे सामर्थ्य आणणाऱ्याच्या ठायी नसून जो निद्राधीन होतो त्याच्याच मनात असते, असा त्याचा सिद्धांत होता. संमोहनविद्येचा सारा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास होय.

तो सुरू होतो मेस्मर या वैद्यापासून. १७७८ साली तो व्हिएन्नाहून पॅरिसला आला. प्राणिमात्रांत चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह वाहतो, त्यात अडथळा आला की रोग होतो आणि आपण तो प्रवाह पूर्ववत करू शकतो, असा त्याचा दावा होता. रोगी त्याच्या स्पर्शाने थरथरत, झटके येऊन पडत आणि पुष्कळदा बरेही होत. १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे तिचे सभासद होते. आपल्यावर प्रयोग चालू आहे अशी समजूत करून दिली की रोग्याला, काहीही केलेले नसताना, झटके येत. त्याच्या नकळत प्रयोग केला तर काहीच होत नसे. तेव्हा प्रवाह वगैरे काही नाही, हा केवळ कल्पनेचा खेळ आहे, असा निर्णय समितीने दिला. निर्णय योग्यच होता. मात्र नुसती कल्पना जर माणसाच्या देहाला इतके हलवू शकते, तर त्या कल्पनेचाच अभ्यास का करू नये, हा प्रश्न तसाच राहिला.

तो हाती घेतला एका गोमंतकीयाने. जुझे कुस्तोद द फारिया याचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी गावचा. १७७१ मध्ये तो वडिलांबरोबर लिस्बनला गेला, पुढे रोममध्ये धर्मगुरू झाला आणि १७८८ साली पॅरिसला पोहोचला. लिस्बनला राणीसमोर प्रवचन करताना त्याची वाचा बसली, तेव्हा वडिलांनी हळूच ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे कोकणीत म्हटले आणि त्याची भीती तत्क्षणी ओसरली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका शब्दाने मनाची अवस्था पालटते हेच त्याच्या पुढील शास्त्राचे सूत्र ठरले.

१८१३ साली त्याने पॅरिसमध्ये जाहीर वर्ग सुरू केले. ना चुंबक, ना हातवारे. माणसाला आरामात बसवावे, डोळे मिटून झोपेचा विचार करण्यास सांगावे आणि मग ठाम स्वरात आज्ञा करावी, ‘झोपा!’ काहींना तत्काळ ती जागृत निद्रा लागे, काहींना मुळीच लागत नसे. अर्थात फरक प्रयोग करणाऱ्यात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या प्रकृतीत आहे, हे त्याने ओळखले. या फरकाचे कारण मात्र त्याने रक्ताच्या पातळपणात शोधले. तो तर्क टिकला नाही. १८१६ साली त्याची टवाळी करणारे नाटक रंगभूमीवर आले आणि त्याची प्रतिष्ठा लयास गेली. २० सप्टेंबर १८१९ रोजी तो वारला. त्याचा ग्रंथ त्याच वर्षीचा. पुढे जगाने त्याचे नाव लक्षात ठेवले ते ड्यूमाच्या कादंबरीतील बंदिवान म्हणून!

विद्या मात्र थांबली नाही. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ साली आपल्या ग्रंथातून तिला शास्त्रीय परिभाषा दिली. आपल्याकडे हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यवैद्याने १८४५ पासून मोहनिद्रेत मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या; परंतु लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ही पद्धत मागे पडली. पुढे नान्सी येथील बर्नहाइमने ‘सूचना’ हेच संमोहनाचे मर्म होय, असे प्रतिपादन केले आणि फारियाचे ऋण मान्य केले. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये, तर अमेरिकन संघटनेने १९५८ मध्ये संमोहनाला उपचारांत स्थान दिले.

आज संमोहन म्हणजे झोप नव्हे, तर एकाग्र झालेले अवधान असे मानले जाते. १९९७ साली माँट्रियलच्या संशोधकांनी गरम पाण्यात हात बुडविलेल्या स्वयंसेवकांना संमोहित करून, वेदना कमी क्लेशकारक वाटेल अशी सूचना दिली. तेव्हा मेंदूत स्पर्शसंवेदनेच्या केंद्रात फारसा फरक पडला नाही; क्लेशाशी निगडित असलेल्या भागातील हालचाल मात्र बदलली. दुःख तेच, पण त्याचा काच कमी! म्हणूनच जुनाट वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती आणि आतड्यांचे काही चिवट विकार यांत संमोहनाचा उपयोग होतो. बेल्जियममध्ये लिएज येथे तर १९९२ पासून, स्थानिक भूल आणि संमोहन यांच्या जोडीने कंठग्रंथीच्याही शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. संमोहनाने गाठ विरघळत नाही, जंतू मरत नाहीत. विसरलेल्या गोष्टी त्यात हुबेहूब आठवतात हा समज तर घातकच आहे, कारण सुचविलेली खोटी आठवणही रोग्याला खरी वाटू लागते. मग पूर्वजन्माच्या हकिकतींची काय कथा?

याच ठिकाणी फारियाचा सिद्धांत रोग्याच्या रक्षणास येतो. जो उपचारक निदान करून, रोग्याची संमती घेऊन त्याच्याच मनाला वाट दाखवितो, तो वैद्य होय. ‘माझ्या शक्तीने बरा करतो’ असे जो म्हणतो, तो अडीचशे वर्षांपूर्वीच खोटी ठरलेली गोष्ट पुन्हा विकीत असतो; त्याच्या दारातून परत फिरावे, हे उत्तम.