रोहण्याचा कापूस आणि सुवेझचा कालवा

आमच्या रोहण्यापासून समुद्र सुमारे सातशे किलोमीटरवर. तरीही येथील कापसाच्या भावाची दोरी दीडशे वर्षांहून अधिक काळ समुद्राशी बांधलेली आहे, असे मी पारावर सांगितले तर वडीलधारी मंडळी हसतील. म्हणून थोडा इतिहास पाहू.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला. गिरण्या बंद पडू लागल्या, मजूर उपाशी राहू लागले. साहेबाची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या जमिनीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर विलायतेच्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जाई. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबे भरणीचे शेअर्स भडकले. १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. गंमत (गंमत कसली!) अशी की, मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ साली आणि सुवेझचा कालवा खुला झाला १८६९ साली. म्हणजे तेजीच्या वर्षांत इकडचा कापूस बैलगाडीने निघून पुढे आफ्रिकेला वळसा घालून जात होता. वाटा सोयीच्या झाल्या तेव्हा तेजी ओसरली होती.

सुवेझमुळे मुंबई-लंडन सागरी अंतर सात-आठ हजार किलोमीटरने घटले, हे आपण भूगोलात पाठ करतो. पण ही वाट उघडी ठेवणे कोणाच्या हाती, हे नकाशात दिसत नाही. १९५६ साली नासेर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि त्याच वर्षी इस्राएल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला चढविला. १९६७ च्या युद्धात बंद झालेला कालवा जून १९७५ मध्ये उघडला. २०२३ च्या अखेरीस येमेनमधील हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा मोठमोठ्या जहाज कंपन्यांनी पुन्हा तोच केप ऑफ गुड होपचा जुना वळसा धरला. दिवस वाढले, भाडे वाढले, विमाही वाढला.

हा वाढीव खर्च कोण सोसतो? सूत-कापड परदेशी पाठविणारा तो शक्य तेवढा गिरणीवर ढकलतो, गिरणी जिनिंगवाल्यावर, जिनिंगवाला शेतकऱ्यावर. शेतकऱ्याच्या मागे मात्र ढकलायला कोणी उरत नाही. सरकारी खरेदी केंद्र वेळेवर सुरू झाले तर हमीभावाचा आधार मिळतो. ते उघडले नाही, तर भरलेली गाडी बाजारातून परत आणणे आमच्याकडे किती जणांना परवडते?