साल पाठ, प्रयोग सपाट

बीड, गेवराई, अंबाजोगाईकडची बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली मुलं पेपराच्या आदल्या रात्री काय घोकतात? एबिंगहॉस १८८५, बार्टलेट १९३२, मिलग्रॅम १९६३. साल चुकलं की मार्क गेले, ही पक्की समजूत. पण साल म्हणजे प्रयोग नव्हे. येल विद्यापीठात ४० पुरुषांना दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला सांगितलं, झटके खोटे होते पण त्यांना खरे वाटत होते, तरी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले, असं लिहिणाऱ्याला मिलग्रॅम कळलाय. नुसतं साल लिहिणाऱ्याला कळलाय की नाही, हे तपासणाऱ्याने कसं ओळखावं? काय विचारलं, कोणावर, कसं आणि काय निघालं, एवढं धरलं की प्रयोग हाताशी राहतो.

दुसरा गैरसमज अधिक चिवट: गाईड चारदा वाचलं की बसतं. गंमत अशी, की याचं उत्तर मानसशास्त्रानेच देऊन ठेवलंय. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार सत्रं वाचू दिला. दुसऱ्याने एकच सत्र वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. वाचून उठल्यावर 'आलं सगळं' वाटतं, ते त्या पाच मिनिटांचं वाटणं. पेपर मात्र नंतर असतो.

'मला बघूनच लक्षात राहतं, मला ऐकून' हेही सोडा. तशा शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकतात, याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवलं.

आणि छापलेलं सगळं खरं, ही समजूत तर सर्वांत महागात पडते. १९६४ मध्ये न्यूयॉर्कात किटी जिनोविझचा खून ३८ जणांनी नुसता पाहत राहून होऊ दिला, ही गोष्ट अजून पाठ केली जाते. ती बातमी अतिरंजित होती. छापणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनेच पुढे तिच्यातल्या चुका मान्य केल्या. त्यापेक्षा डार्ली आणि लाटाने यांचा १९६८ चा प्रयोग लिहा: आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं, तेव्हा ८५ टक्के लोक फिट आलेल्या माणसाच्या मदतीला धावले, आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा वेळेत उठले फक्त ३१ टक्के.