देशांचीही तपासणी होते!

मुलांनो, शाळेची वार्षिक तपासणी तुम्हाला ठाऊकच आहे. आठवडाभर आधीपासून लगबग सुरू होते. तक्ते पुसले जातात, कोपऱ्यातली जळमटं निघतात, वह्यांचे गठ्ठे लागतात. मग साहेब येतात, दप्तर बघतात आणि तुमच्यापैकी एखाद्याला जवळ बोलावून हळूच विचारतात, "काय रे, खिचडी रोज मिळते ना?" सगळ्या तपासणीत हाच प्रश्न महत्त्वाचा. कागदावर काय आहे ते आम्ही शिक्षक दाखवू शकतो. पण रोज काय घडतं, ते तुम्हालाच माहीत असतं.

एकदा अशाच तपासणीनंतर चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, शाळा चुकली तर साहेब बोलतात. मग देश चुकला तर त्याला कोण बोलतं?"

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्याला थेट स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात जायला हवं.

अठरा जणांची समिती

२० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघानं 'बालहक्क संहिता' मंजूर केली. तिच्यात ५४ कलमं आहेत. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला शिकण्याचा, खेळण्याचा, औषधोपचार मिळण्याचा, मारहाणीपासून संरक्षणाचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, असं ती सांगते. भारतानं ११ डिसेंबर १९९२ रोजी ती स्वीकारली. आज १९६ सदस्य तिला बांधील आहेत. अमेरिकेनं १९९५ साली सही केली, पण पुढची मंजुरी दिलेली नाही.

नुसतं कबूल करून भागत नाही. म्हणून 'बालहक्क समिती' नेमलेली आहे. तिच्यात १८ तज्ज्ञ असतात. त्यांना देशच निवडून देतात. पण एकदा निवडून आल्यावर त्यांनी आपल्या देशाची बाजू घ्यायची नसते.

तपासणी कशी होते?

संहिता स्वीकारल्यावर दोन वर्षांत आणि पुढे दर पाच वर्षांनी प्रत्येक देशानं आपला अहवाल पाठवायचा असतो. म्हणजे आपलं प्रगतिपुस्तक आपणच भरायचं! तुम्ही म्हणाल, "मग काय, सगळेच 'उत्तम' लिहितील!" बरोबर आहे. म्हणूनच समिती एकट्या सरकारवर विसंबत नाही. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थाही आपापले अहवाल पाठवतात. कित्येक देशांतल्या मुलांनी स्वतः समितीच्या सदस्यांना भेटून आपल्या अडचणी सांगितल्या आहेत. साहेबांनी खिचडीबद्दल विचारावं, तसंच हे.

मग सरकारचे अधिकारी जिनिव्हाला जातात आणि समिती त्यांना समोरासमोर प्रश्न विचारते. शेवटी समिती आपला शेरा लिहिते: हे चांगलं केलंत, हे राहिलं, हे सुधारा. हा शेरा कपाटात बंद राहत नाही. तो जगात कुणालाही वाचता येतो.

छडीची गोष्ट

भारताची अशी तपासणी २०००, २००४ आणि २०१४ साली झाली. २००४ च्या शेऱ्यात समितीनं बजावलं होतं, की शाळेत आणि घरातही मुलांना मारण्यावर बंदी घाला.

हे वाचताना मला माझी शाळा आठवली. पाढा चुकला की तळहातावर छडी ठरलेली. माझ्या बाकावरची मैत्रीण त्या धाकानंच चौथीनंतर शाळेत आली नाही. ती मठ्ठ नव्हती, नुसती घाबरत होती. पण 'हे चूक आहे' असं आम्ही कुणाला सांगणार?

पुढे २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली. हे एकट्या समितीमुळे झालं असं मात्र समजू नका. दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या शाळांतली छडी २००० सालीच बेकायदा ठरवली होती. आपल्या देशातले पालक आणि संस्था आधीपासून झगडत होत्या. समितीच्या शब्दानं अशा लोकांच्या हाताला बळ येतं.

समितीचे दात

समितीकडे पोलीस नाहीत. ती कुणाला दंड करू शकत नाही. अहवाल वेळेवर येतातच असंही नाही. भारताच्याच दोन तपासण्यांत दहा वर्षांचं अंतर पडलं! मग उपयोग काय?

ब्रिटनचं उदाहरण बघा. घरातही मुलांना मारू नका, असं समितीनं त्यांना १९९५, २००२, २००८ आणि २०१६ साली सांगितलं. अखेर २०२० साली स्कॉटलंडमध्ये आणि २०२२ साली वेल्समध्ये तशी बंदी लागू झाली. इंग्लंडनं मात्र तेव्हा कायदा बदलला नाही. म्हणजे फळ मिळालं, पण पंचवीस वर्षांनी आणि तेही अर्धंच. चारचौघांत तीच चूक पुन्हा पुन्हा दाखवली गेली, की कधीतरी लाज वाटतेच.

२०१४ पासून काही देशांच्या बाबतीत मुलांना थेट तक्रारही करता येते. २०१९ साली १६ मुलांनी पाच देशांविरुद्ध तक्रार केली, की हवामान बिघडतंय आणि तुम्ही पुरेसं काही करत नाही. त्यांत स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग होती आणि आपल्या हरिद्वारची रिधिमा पांडेही होती. समितीनं २०२१ साली सांगितलं, की आधी त्या देशांतल्या न्यायालयात जायला हवं होतं. तक्रार तिथेच थांबली. पण एका देशाच्या धुरामुळे दुसऱ्या देशातल्या मुलांचं नुकसान झालं, तर त्याबद्दल तो देश जबाबदार ठरू शकतो, हेही समितीनं मान्य केलं.

तेव्हा मुलांनो, जिनिव्हा दूर आहे, पण खरं सांगायला तिथवर जायची गरज नाही. बालसभेत बोला, तक्रारपेटीत चिठ्ठी टाका. कुणी मारत असेल, त्रास देत असेल तर १०९८ या नंबरवर फोन करा. तो मुलांसाठीच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आणि पालकहो, आज रात्री जेवताना मुलाला एवढंच विचारा, "शाळेत तुला कुणाची भीती वाटते का?" मग घास हातात ठेवून त्याचं उत्तर पूर्ण ऐका. आपल्या घरातली तपासणी तिथूनच सुरू होते.