'जित्तो' : न हलण्याचे औषध

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त जपानमध्ये नागोयाला असतात. 2017 साली मी दोन महिने तिकडे होते, तेव्हा चार वर्षांच्या नातवाचा कान दुखू लागला म्हणून त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. कानात दुर्बीण घालायची म्हटल्यावर त्याने हातपाय झाडायला सुरुवात केली. मी आपल्या सवयीने "हलू नको रे, हलू नको" करीत होते. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याच्या डोळ्यांत पाहून दोनच शब्द उच्चारले, "जित्तो शिते." पोर एकदम थांबले. नुसते थांबले नाही, तर कानात काय चालले आहे ते जणू ऐकू लागले! तीस वर्षे रोगी तपासले, पण हे मला कधी साधले नव्हते. घरी आल्यावर लेकीला त्या शब्दाचा अर्थ विचारला.

'जित्तो' हे क्रियाविशेषण आहे. त्यातला 'ज' हा 'जिरे'मधला, 'जाड'मधला नव्हे. आणि 'पत्ता' म्हणताना आपण जसे क्षणभर अडतो तसे 'जि'नंतर अडून 'तो' म्हणायचे. आपल्याकडे 'टकमक', 'चुळबूळ', 'गुपचूप' असे शब्द आहेत, की ज्यांचा अर्थ सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे. जपानी भाषेत अशा शब्दांची फार मोठी रास आहे आणि 'जित्तो' त्यांतलाच एक. चुळबुळीच्या नेमका उलटा, असे म्हणा ना!

पण 'जित्तो' म्हणजे 'शांत' नव्हे. आवाज करू नका असे सांगायचे तर 'शिझुका नि' हा निराळा शब्द आहे. 'जित्तो' हा शरीराच्या स्थिरतेचा शब्द, आणि ज्याला हलता येते पण जो हलत नाही अशाच्या बाबतीत तो शोभतो. धोंडा काही 'जित्तो' बसत नाही. मासा टिपायला पाण्यात उभा राहिलेला बगळा बसतो. म्हणूनच 'जित्तो मिरु' म्हणजे एकटक पाहणे, 'जित्तो मात्सु' म्हणजे जागचे न हलता वाट पाहणे. स्वर लांबवून 'जीऽत्तो' म्हटले की टक आणखी लागली असे समजावे. (टीव्ही आणि मोबाईलकडे आपली मुले 'जीऽत्तो' पाहतात तेव्हा त्यांच्या पापण्या मिटण्याचे प्रमाण बरेच घटते आणि डोळे कोरडे होऊन चुरचुरतात, हे जाता जाता सांगून ठेवते.)

परत आल्यावर हा शब्द मी माझ्या दवाखान्यात राबवला, तो रक्तदाब मोजण्यासाठी. आपल्याकडचा रोगी जिना चढून येतो, टेकतो न टेकतो तोच दंड पुढे करतो आणि पट्टा आवळला जात असताना सुनेच्या तक्रारी सांगत असतो. नुसत्या बोलण्यानेसुद्धा वरचा आकडा दहाएक अंकांनी वर जाऊ शकतो. मग उगाच गोळी वाढते. जपानमध्ये घरोघरी रक्तदाब मोजण्याची यंत्रे असतात आणि तिथल्या तज्ज्ञांनी त्याची रीतही घालून दिली आहे. सकाळी उठल्यापासून तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारी आणि औषधाच्या आधी, खुर्चीत एक-दोन मिनिटे स्वस्थ बसून मोजायचे. मी तर पाच मिनिटे बसवते. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीत आणि तोंड बंद. घरी मोजताना आकडा वारंवार 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आता या शब्दाची दुसरी बाजू. 23 ऑक्टोबर 2004 रोजी जपानच्या निइगाता भागात मोठा भूकंप झाला. धक्के थांबेनात, म्हणून भीतीने अनेकांनी रात्री मोटारीतच काढल्या. अवघडून, पाय लोंबते ठेवून, पाणीही बेताने पीत तासन् तास बसल्याने काहींच्या पायांतल्या शिरांत रक्त गोठले, त्या गुठळ्या फुप्फुसात गेल्या आणि भूकंपातून वाचलेली माणसे अशी दगावली. तेव्हा रात्रभराच्या एसटीच्या प्रवासात 'जित्तो' नको. घोटे फिरवावेत, पाणी प्यावे, गाडी थांबली की उतरून चार पावले चालावे.

आणि तिसरी बाजू, जिच्यासाठी आज लिहायला बसले. 'जित्तो गामान सुरु' म्हणजे हूं की चूं न करता सोसणे. गंमत अशी, की 'गामान' या शब्दातला 'मान' हा बौद्ध ग्रंथांबरोबर आपल्याकडूनच तिकडे गेलेल्या, अहंकार या अर्थाच्या 'मान' शब्दाच्या भाषांतरातून आला आहे. पुढे त्याचा अर्थ बदलत 'सोसणे' असा झाला.

माझ्या थोरल्या भावाला गेल्या वर्षी रात्री दोन वाजता छातीत दडपल्यासारखे झाले, घाम सुटला. तो पलंगावर तसाच, न हलता पडून राहिला. सहा वाजता वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा कळले. जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग त्या चार तासांत कायमचा निकामी झाला. आता दोन जिने चढले की तो धापा टाकतो. का उठवले नाहीस, असे विचारले तर म्हणाला, "अगं, मुलं दमून झोपली होती."

फोनवर लेकीला हे सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आई, इथले म्हातारेही अगदी असंच करतात."

छातीत दडपण येऊन ते पाच-दहा मिनिटांत ओसरले नाही, ते हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, किंवा घाम सुटला, तर स्वतः चालू नका, जिना उतरू नका, स्कूटर काढू नका. तिथेच बसून राहा. पण हाक मारा, आणि घर जागे करा. रुग्णवाहिकेसाठी जपानमध्ये 119 फिरवतात, आपल्याकडे 108.